पाँटून बोटीचं छत आणि दिवे: एकत्र ठरवा, एकत्र बसवा

नाशिकच्या आसपास गंगापूर, दारणा, मुकणे, वैतरणा अशी मोठी धरणं आहेत. पाण्याकाठी रिसॉर्ट किंवा कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्या बऱ्याच जणांना आता आपली एखादी पाँटून बोट असावी असं वाटतं. सपाट डेक, चारी बाजूंनी कठडा, खाली बोटीला तरंगत ठेवणारे दोन किंवा तीन लांब पोकळ नळे, म्हणजे फ्लोट. घरातली आजी-आजोबा, लहान मुलं सगळी आरामात बसतात, बोट डुगडुगत नाही. बोट घेताना इंजिन किती हॉर्सपॉवरचं, फ्लोट ॲल्युमिनियमचे की प्लास्टिकचे, माणसं किती बसतात, एवढं सगळेच विचारतात. छत (पाईपच्या कमानींवर ताणलेलं, दुमडता येणारं कापडी) आणि दिवे मात्र ‘नंतर बघू’ या यादीत जातात.

मग छत एक कारागीर करून देतो, दिवे दुसरा कुणी लावतो, आणि मागचा पांढरा दिवा बरोबर छताच्या आड जातो. दिवसा हे दिसत नाही. अंधार पडल्यावर समोरून येणाऱ्याला तुमची बोट अर्धीच दिसते, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो: छताची उंची पक्की झाल्याशिवाय दिव्याचा खांब घेऊ नका, आणि दिव्याची जागा ठरल्याशिवाय छताची बिजागरी ठोकू नका.

पुढचं सगळं १८ ते २४ फुटी, एका आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेल्या) इंजिनवर चालणाऱ्या बोटीसाठी आहे. शेततळ्यात दोराने ओढायचा तराफा असेल तर छतापुरतं वाचा. तिथे या दिव्यांची गरज नाही.

१. आधी पाणी आणि वेळ ठरवा

बोट कुठल्या धरणावर आणि कुठल्या वेळात चालणार, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतं, त्यामुळे बोट उतरवायला त्यांची परवानगी लागते. ती परवानगी नीट वाचा. वेळेची अट असेल तर ती तिथेच लिहिलेली असते. गंगापूर धरणातून नाशिक शहराला पिण्याचं पाणी जातं, त्यामुळे तेलगळती, कचरा यांबाबतच्या अटी मनापासून पाळायच्या, केवळ तपासणीच्या भीतीने नव्हे.

‘आमची बोट सूर्यास्ताआधी परत येते, मग दिवे कशाला?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. दोन कारणं आहेत. एक, इंजिन बंद पडलं, पाहुण्यांनी उशीर केला, वारा उलटा फिरला की सात वाजतातच. दुसरं, आपल्याकडचा हिवाळा. निफाडच्या थंडीच्या बातम्या दरवर्षी पेपरात येतात. त्याच दिवसांत सकाळी धरणाच्या पाण्यावर धुकं उभं राहतं आणि पन्नास मीटरवरचं दिसत नाही. दिव्यांचा नियम सूर्यास्त ते सूर्योदय एवढ्यापुरताच नाही. दिवसासुद्धा दिसणं कमी झालं की दिवे लावायचेच असतात.

२. ऊन कुठून येतं ते बघा

छत किती मोठं घ्यायचं हे ठरवताना सगळे बोटीची लांबी बघतात. मी म्हणेन, आधी सूर्य बघा. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि छताची सावली बरोबर छताखाली पडते. डिसेंबरच्या शेवटी मात्र भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला साधारण ४६–४७ अंशांवरच असतो. डेकपासून दोन मीटर उंचीवरच्या छताची सावली तेव्हा जवळजवळ सहा फूट उत्तरेला सरकते.

पर्यटक येतात ते हिवाळ्यात आणि दुपार टळल्यावर. सूर्य ३० अंशांवर उतरला की ती सावली साडेतीन मीटर सरकते. बोट रुंदीला अडीच मीटरच्या आसपास. म्हणजे ऊन बाजूने येत असेल तर सावली सगळी पाण्यात आणि माणसं उन्हात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, छत कितीही लांबरुंद केलं तरी कलतं ऊन अडत नाही. त्यासाठी बाजूला गुंडाळून ठेवता येणारा पडदा हवा. आपल्याकडे शेडनेट काय असतं हे शेतकऱ्याला सांगायला नको. ५० टक्के किंवा ७५ टक्के सावलीची जाळी या कामाला उत्तम, कारण ऊन कमी होतं आणि वारा थोडाफार आरपार जातो. जाड ताडपत्रीचा बाजूचा पडदा लावू नका. वाऱ्यात बोट आडवी ढकलली जाते.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. सावली जिकडे सरकते तिकडे माणसं सरकतात. बारा जणांपैकी दहा एका कठड्याला येऊन बसले की बोट त्या बाजूला झुकते. बोटीवरच्या माणसाने हे सतत बघितलं पाहिजे आणि गरज पडली तर बोटीचं तोंड फिरवून सावली मधोमध आणली पाहिजे. पाहुण्यांना उठवण्यापेक्षा बोट फिरवणं सोपं.

३. मापं घ्या

पाँटून बोटीचा हा प्रकार अमेरिकेतल्या मिनेसोटासारख्या तळ्यांच्या राज्यांत १९५०च्या दशकात रुजला. तिकडे ट्रेलरवरून बोट नेताना रस्त्यावर साडेआठ फूट रुंदीची मर्यादा असते, म्हणून तिथल्या बहुतेक बोटी साडेआठ फुटी आणि तयार मिळणारी छतंही त्याच मापाची. तुमची बोट इथे बनली असेल तर ती सात फुटीही असेल, नऊ फुटीही. ऑनलाइन फोटो बघून तयार छत मागवण्याआधी टेप घेऊन बोटीवर चढा आणि ही मापं वहीत लिहा:

- दोन्ही कठड्यांच्या वरच्या पाईपमधलं अंतर, बाहेरून बाहेर. पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन ठिकाणी, कारण ते सारखं असेलच असं नाही.
- डेकपासून कठड्याची उंची.
- चालकाची खुर्ची आणि सुकाणू कुठे आहे. छतात चालक आलाच पाहिजे. दिवसभर उन्हात तोच असतो.
- चढण्या-उतरण्याची दारं. छताचा पाय किंवा पट्टा दारात येता कामा नये.
- छत मिटून मागे झोपवलं की ते कुठवर येतं.

शेवटचं माप बहुतेक जण विसरतात. दुमडलेल्या छताचा गठ्ठा नेमका तिथे येऊन टेकतो, जिथे मागचा दिव्याचा खांब उभा असतो. काठी आणून छताच्या कमानीएवढी लांबी धरा, बिजागरीच्या जागेवरून मागे फिरवा आणि खांबाला लागते का बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

उभं राहून डोकं लागू नये म्हणून डेकपासून साडेसहा ते सात फूट आतली उंची पुरते. त्याहून उंच केलं की रुबाबदार दिसतं, पण वारा जास्त पकडतो आणि सावली आणखी दूर सरकते.

लांबीला आठ ते दहा फुटांचं छत बहुतेक बोटींना पुरतं. पुढचा भाग उघडा ठेवा. दोर टाकायला, धक्क्याला लावायला तिथे मोकळेपणाने उभं राहता आलं पाहिजे.

४. सांगाडा

नाशिकच्या सातपूर, अंबड या औद्योगिक वसाहतींत पाईप वाकवून देणारे चांगले कारागीर आहेत. त्यांच्याकडे जाताना ‘बोटीचं छत करायचंय’ एवढंच सांगू नका. ते मंडपासारखं मजबूत आणि जड काहीतरी करून देतील, कारण जमिनीवर तेच योग्य असतं. पाण्यावर वजन जितकं वर तितकं वाईट.

सांगायचं असं: ‘दादा, एक इंची पाईप, ३०४ ग्रेड स्टेनलेस, सोळा गेज, चार कमानी, सगळं दुमडलं पाहिजे.’ समुद्रासाठी ३१६ ग्रेड लागतं. धरणाच्या गोड्या पाण्याला ३०४ पुरेसं आहे. ॲल्युमिनियमचा पाईप आणखी हलका. तो घेतलात तर ॲनोडाइज केलेला घ्या. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, पाईप नको. जड असतो आणि वेल्डिंगच्या जागी गंजून कापडावर डाग पडतात.

बिजागरी कठड्याला सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूने लावू देऊ नका. कठड्याचा पाईप पातळ असतो आणि थरथरीने स्क्रूची भोकं मोठी होतात. आरपार बोल्ट, आतून पट्टी आणि आत नायलॉनची कडी असलेला नट. ॲल्युमिनियमच्या कठड्याला स्टेनलेसची बिजागरी थेट लागली की ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजत जातं, म्हणून मध्ये नायलॉन किंवा रबराचा वायसर हवाच.

पुढचे आणि मागचे पट्टे चटकन सुटणाऱ्या हुकचे घ्या. सटकपिनला (ओढली की सुटणाऱ्या पिनेला) बारीक तार बांधून ती सांगाड्याला अडकवा, नाहीतर पहिल्याच हंगामात पिना धरणाच्या तळाशी जातात. एकट्या माणसाने दोन मिनिटांत छत खाली आणता आलं पाहिजे. कारागिराच्या समोरच हे करून बघा. जमलं नाही तर पैसे देण्याआधीच दुरुस्त करून घ्या.

दोन मिनिटं का, तर वळीव. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारपर्यंत पान हलत नाही आणि मग अचानक धुळीचा लोट येतो. द्राक्षबागेवर प्लास्टिक टाकणाऱ्यांनी तो वारा काय करतो ते पाहिलं आहे. आठ बाय दहा फुटांचं छत म्हणजे साधारण ७.४ चौरस मीटर कापड. ताशी ४० किलोमीटरचा वारा त्याच्या पूर्ण अंगावर आला तर ५५ ते ६० किलोचा जोर लागतो. तोच वारा ७० झाला तर जोर १७५ किलोच्या घरात जातो, कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताणून बसवलेलं आडवं छत एवढा सगळा जोर घेत नाही हे खरं, पण एका बाजूचा पट्टा सुटला की कापड उभं राहतं आणि मग सगळा घेतं.

५. कापड

इथे पैसे वाचवायचा मोह होतो. बाजारात मिळणारी निळी-पिवळी विणलेली ताडपत्री लावू नका. एका उन्हाळ्यात तिचे धागे सुटतात आणि वाऱ्यात तिचा फडफडाट इतका होतो की चालकाला इंजिनचा आवाज ऐकू येत नाही.

राहिले तीन पर्याय. पीव्हीसीचा थर दिलेली ताडपत्री: पाणी अजिबात येत नाही, स्वस्त, पण जड आणि खाली उकडतं. जाड पॉलिस्टर, ज्याला दुकानदार ‘सहाशे डी’ (डी म्हणजे डेनियर, धाग्याच्या जाडीचं माप) म्हणतात: हलकं, रंग मात्र लवकर उडतो. आणि ॲक्रिलिक, ज्याच्या धाग्यातच रंग असतो, वरून छापलेला नसतो: महाग, पण वर्षानुवर्षं टिकतं आणि श्वास घेतं. बोट रोज चालणार असेल तर ॲक्रिलिक. सणासुदीला चालणार असेल आणि बाकी वेळ छत उतरवून घरात ठेवणार असाल तर पॉलिस्टरही चालतं.

कापडाइतकाच दोरा महत्त्वाचा. सुती दोरा उन्हात कुजतो आणि चांगलं कापड शिवणीतून फाटतं. उन्हाला टिकणारा पॉलिस्टरचा जाड दोरा मागा. रिक्षाचे, टेम्पोचे हूड शिवणारे कारागीर हे काम सुरेख करतात. त्यांच्या मशीनला ही जाडी सवयीची असते.

छताला मधून बाहेर उतार हवा. सपाट छतावर पाणी साचतं. वरच्या हिशेबाच्या छतावर नुसतं एक सेंटिमीटर पाणी साचलं तरी ते ७४ लिटर, म्हणजे ७४ किलो, आणि तेही डोक्यावरच्या उंचीवर. कापड ढिलं पडू लागलं की पट्टे लगेच ताणायचे.

६. कोणते दिवे, कुठल्या रंगाचे

समुद्रातल्या टकरी टाळण्यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७पासून लागू झाले. धरणावर ते थेट लागू होत नाहीत. इथे आपला २०२१चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, ज्याने १९१७चा जुना कायदा बदलला. पण बोटीचे दिवे बनवणाऱ्या कंपन्या १९७२चेच रंग आणि कोन पाळतात, आणि ते समजून घेतले की दुकानात कुणी फसवू शकत नाही.

पुढे तोंड करून बसा. डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा. प्रत्येक दिवा ११२.५ अंशांत दिसतो: अगदी नाकासमोरून सुरू होऊन बाजूच्या काटकोनाच्या थोडं मागेपर्यंत. मागे पांढरा दिवा. मोठ्या बोटींना पुढे तोंड करून २२५ अंशांचा आणि मागे १३५ अंशांचा असे दोन पांढरे दिवे लागतात. १२ मीटरपेक्षा लहान बोटीला त्या दोन्हींऐवजी चारी बाजूंनी, म्हणजे ३६० अंशांत दिसणारा एकच पांढरा दिवा चालतो. आपली पाँटून यातच बसते.

या मापाच्या बोटीसाठी लाल-हिरवा दिवा किमान १ सागरी मैल, म्हणजे १.८५ किलोमीटरवरून दिसला पाहिजे आणि पांढरा किमान २ सागरी मैलांवरून. खोक्यावर हे छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर तो दिवा बोटीचा नाही.

सात मीटरहून लहान आणि सात नॉटपेक्षा, म्हणजे ताशी १३ किलोमीटरपेक्षा, जास्त न धावणाऱ्या बोटीला नुसत्या पांढऱ्या दिव्यावर चालवण्याची सूट त्या नियमांत आहे. पण शक्य असेल तर लाल-हिरवेही लावा असं तिथेच म्हटलं आहे. माझं मत स्पष्ट आहे: प्रवासी घेऊन जाता तर तिन्ही लावा. नुसता पांढरा दिवा बघून तुमचं तोंड कुठे आहे हे समोरच्याला कळत नाही.

दुकानातले सापळे:

- ट्रकचे लाल-हिरवे मार्कर दिवे. रंग बरोबर, पण ते कोन पाळत नाहीत. लाल दिवा दोन्ही बाजूंनी दिसला तर समोरचा चुकीच्या बाजूला वळेल.
- जुन्या दिव्यात बल्ब काढून एलईडी बल्ब घालणं. काचेचा रंग आणि कोन त्या मूळ बल्बसाठी ठरवलेले असतात. हिरवा निळसर दिसू लागतो. बदलायचं तर पूर्ण दिवा बदला.
- वाढदिवस, साखरपुड्यासाठी कठड्याला गुंडाळलेल्या रंगीत एलईडी पट्ट्या. बोट बांधलेली असताना खुशाल लावा. चालू बोटीवर लाल-हिरव्या पट्ट्या नकोत.
- पुढचे झगझगीत पांढरे दिवे, जे धक्क्याला लावताना उपयोगी पडतात. ते गाडीच्या हेडलाइटसारखे सतत लावून चालायचे नसतात. समोरच्याचे डोळे दिपतात आणि तुमचे लाल-हिरवे दिवे त्यात हरवतात.

लाल-हिरवे दिवे पुढच्या दोन कोपऱ्यांवर बसवतात. पाँटूनचा पुढचा कठडा अनेकदा कोपऱ्यात गोल वळलेला असतो. त्या वळणावर दिवा तसाच ठोकला की तो तिरका बघतो आणि सगळे कोन बिघडतात. दिव्याची पाटी बोटीच्या मध्यरेषेशी समांतर यायला हवी. गरज पडली तर खाली पाचर घाला. आणि त्यांच्यासमोर लाइफ जॅकेट, टॉवेल, रिसॉर्टचा फ्लेक्स, बाजूचा पडदा यांपैकी काहीही लटकता कामा नये.

७. पांढरा दिवा छताच्या वर काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ घ्या.

पांढरा दिवा लाल-हिरव्यांपेक्षा किमान एक मीटर वर हवा आणि चारी बाजूंनी दिसला पाहिजे. बोटीच्या एखाद्या भागामुळे तो सहा अंशांपेक्षा जास्त झाकला जाऊ नये असा नियम आहे. छत नसलेल्या बोटीबरोबर येणारा चार-साडेचार फुटी खांब छत बसवल्यावर अपुरा पडतो. दिवा छताखाली राहतो, कापडाच्या आतल्या बाजूवर उजेड पडतो, चालकाचे डोळे दिपतात आणि समोरच्याला काहीच दिसत नाही.

मग किती वर? समजा दिवा पाण्यापासून तीन मीटरवर आहे आणि छताची पुढची कड दिव्यापासून पाच मीटर पुढे आहे. दिवा छताच्या पातळीपेक्षा ३० सेंटिमीटर वर असेल, तर पाण्यालगत अर्ध्या मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला समोरून तो साधारण ४० मीटरपर्यंत दिसतो. त्याहून जवळ आल्यावर छत आड येतं. दिवा फक्त १० सेंटिमीटर वर असेल तर हेच अंतर सव्वाशे मीटर होतं. अर्ध्या मीटर उंचीवरचे डोळे मुद्दाम धरले आहेत. आपल्या धरणांवर थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्यूबवर बसून जाळी टाकणारे मासेमार असतात आणि त्यांचे डोळे तेवढ्याच उंचीवर असतात. म्हणून किमान ३० सेंटिमीटर. आणखी वर नेता आला तर उत्तम.

बसवायच्या दोन पद्धती आहेत. एक, मागच्या कोपऱ्यात वेगळ्या सॉकेटमध्ये उंच खांब, जो काढता-घालता येतो. दुसरी, छताच्या मागच्या कमानीवरच दिवा. दुसरी स्वस्त आणि नीटस दिसते, पण वारा सुटला की छत मिटवावं लागतं, आणि छताबरोबर दिवाही खाली झोपतो. नेमक्या वाईट हवेत तुम्ही न दिसणारे होता. म्हणून माझा कौल वेगळ्या खांबाला.

दिव्याच्या खाली काळ्या रंगाची छोटी गोल चकती लावून घ्या, म्हणजे उजेड थेट खाली कापडावर आणि डेकवर पडत नाही. चकती लहानच ठेवा. आडव्या रेषेच्या पाच अंश खालीपर्यंतचा उजेड अडता कामा नये.

८. वायरिंग

गाडीच्या वायरमनकडून करून घ्यायला हरकत नाही, पण शेजारी उभे राहा.

- गाडीत एक वायर बॉडीला जोडली की काम होतं. ॲल्युमिनियमच्या बोटीत ते कधीच करू देऊ नका. बॉडीतून करंट परतला की पाण्यात फ्लोट झिजतात. प्रत्येक दिव्याला दोन वायरी, दोन्ही बॅटरीपर्यंत.
- कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर मिळाली तर तीच घ्या.
- वायर बारीक नको. बॅटरीपासून दिवे सहा मीटरवर असतील तर जाऊन-येऊन १२ मीटर वायर झाली. १० वॉटचे तीन बल्ब एकाच एक चौरस मिलिमीटर जाडीच्या वायरवर चालवले तर १२ व्होल्टमधला अर्धा व्होल्ट वाटेतच जातो आणि दिवे मंद पडतात. दीड चौरस मिलिमीटर घ्या. दोन-दोन वॉटच्या एलईडींना हा प्रश्न येत नाही.
- फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत.
- स्विच तीन जागांचा: बंद, सगळे दिवे, फक्त पांढरा. नांगर टाकून थांबलं की फक्त पांढरा ठेवायचा असतो.
- खांबाच्या सॉकेटला झाकण हवं. दिवा लागत नाही अशी तक्रार आली की बहुतेक वेळा सॉकेटमध्ये पाणी आणि हिरवा गंज निघतो.

९. धक्क्यावरची संध्याकाळची तपासणी

सूर्य मावळल्यावर बोट धक्क्याला बांधा आणि दिवे लावा. एका मित्राला दुसऱ्या बोटीतून किंवा काठाकाठाने दोन-तीनशे मीटर लांब पाठवा आणि फोनवर बोलत राहा. त्याने खाली बसून बघायचं, उभं राहून नाही.

समोरून त्याला लाल, हिरवा आणि पांढरा तिन्ही दिसले पाहिजेत. तुमच्या डाव्या बाजूला गेला की फक्त लाल आणि पांढरा. उजव्या बाजूला फक्त हिरवा आणि पांढरा. मागून फक्त पांढरा. हे सगळं छत उभं ठेवून, छत मिटवून आणि बाजूचा पडदा सोडून, असं तीनदा बघायचं. त्याच वेळी तुम्ही चालकाच्या खुर्चीत बसा. डोळ्यांवर कुठलाही उजेड येत असेल तर आजच दुरुस्त करा.

१०. पाण्यावर

गडगडाट ऐकू आला की काठ गाठायचा. छतामुळे विजेपासून संरक्षण मिळत नाही. वर धातूचा सांगाडा आहे आणि मोकळ्या पाण्यात तुम्हीच सगळ्यात उंच आहात.

वारा वाढू लागला की आधी बाजूचे पडदे गुंडाळा, मग छत. लाटा उठेपर्यंत वाट बघितली तर सगळी माणसं उभी राहून मदतीला धावतात आणि तेच धोक्याचं. छताच्या पाईपला लटकायला, वर कपडे वाळत घालायला कुणालाही देऊ नका.

अंधारात दुसऱ्याचे दिवे असे वाचा. लाल-हिरवे दोन्ही समोर दिसले तर तो सरळ तुमच्यावर येतो आहे. दोघांनीही उजवीकडे वळायचं. उजव्या हाताला फक्त लाल दिसला तर वाट तुम्ही द्यायची. डाव्या हाताला हिरवा दिसला तर त्याने द्यायची, तरी हात वेगावर ठेवा. नुसता पांढरा दिसला तर तो तुमच्यापुढे जाणारा, थांबलेला किंवा नुसत्या पांढऱ्या दिव्यावर चालणारा असू शकतो; लांबून जा.

आणि ज्यांच्याकडे दिवाच नाही त्यांना विसरू नका. संध्याकाळी जाळी टाकणारा मासेमार तुम्हाला बघतो, तुम्ही त्याला बघत नाही. अंधारात चालण्याच्या वेगाच्या थोडंच वर राहा, हातात मोठा टॉर्च ठेवा आणि एका माणसाला पुढे बसवा. उन्हाळ्यात धरणाची पातळी उतरली की खडक आणि झाडांचे खुंट वर येतात, तेव्हा तर हे हवंच.

११. कागदपत्रं

एका जलरोधक पिशवीत यांच्या प्रती बोटीवर आणि मूळ कागद घरी:

- बोटीची नोंदणी आणि तपासणीचं प्रमाणपत्र. हे काम राज्यात महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे आहे.
- विमा.
- चालकाचं प्रमाणपत्र.
- जलसंपदा विभागाची परवानगी.
- दिव्यांची बिलं आणि कोन-अंतर छापलेली खोकी किंवा माहितीपत्रकं. खोकी फेकू नका. तपासणीच्या वेळी हीच कामी येतात.
- छतासह बोटीचं साधं रेखाचित्र, त्यात उंची आणि दिव्यांच्या जागा.

तपासणी झाल्यावर छत बदललं, उंच केलं किंवा पक्कं पत्र्याचं केलं तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवा. वजन आणि उंची बदलली की बोटीचा तोल बदलतो, आणि विम्याच्या वेळी हाच प्रश्न पहिला येतो.

१२. पावसाळ्याआधी

मृगाच्या आधी छत उतरवा. इगतपुरीकडच्या धरणांवर तर आणखी लवकर. साध्या साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. ओलं कापड गुंडाळलं की बुरशी धरते आणि ते काळे डाग निघत नाहीत. गुंडाळताना मध्ये जुनी चादर घाला. दिव्याचा खांब काढून घरात, सॉकेटला झाकण, बॅटरी वेगळी.

दसऱ्याच्या सुमारास छत परत चढवलं की धक्क्यावरची संध्याकाळची तपासणी पुन्हा करा, कारण पट्टे नव्याने ताणल्यावर छताची मागची कड दोन-चार इंच वर-खाली झालेली असते.